कोरड्या दिवसांची नोंद

गावात त्याचं खरं नाव मतदारयादीपुरतंच उरलं होतं. एरवी लहानथोर सगळे त्याला मिलीमीटर म्हणत. तेवीस वर्षं तो सरकारचा पाऊस मोजत होता. रोज सकाळी साडेआठला गावाबाहेरच्या माळावर जायचं, कमरेला सुतळीने बांधलेल्या किल्लीने कुंपणाचं कुलूप काढायचं, जमिनीत पुरलेल्या नळकांड्यावरचं नरसाळं उचलायचं, आतली बाटली काढून पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि खाली बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. उभ्याने वाचलं तर आकडा चुकतो, असं त्याला किल्ली देणाऱ्या साहेबाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढे गुडघे धरले, बसताना हाडं कुरकुरायला लागली, तरी त्याने उभ्याने कधी वाचलं नाही.

पाऊस नसला की बाटली कोरडी असे. मग तो नरसाळ्यात अडकलेला पाला काढी, बाटली उजेडाकडे धरून आत कोळ्याने घर तर केलं नाही ना ते बघे, फडक्याने पुसून परत ठेवी आणि कुलूप लावून निघे. परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवरून कोणीतरी हटकायचंच.

"मिलीमीटर, आज किती?"

"कोरडं."

चालता चालताच म्हणायचा, पण सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. गावात निम्म्या लोकांची सकाळ त्या एका शब्दाने उजाडे. एखाद्या दिवशी उशीर झाला तर बायका दारातून विचारत, आज मिलीमीटर गेला नाही का अजून.

त्या उन्हाळ्यात माळावर एक गाडी आली. दोन तरुण इंजिनियर उतरले आणि दुपारपर्यंत त्यांनी एक पांढरा खांब उभा केला. वर पेटी, पेटीवर काचेची पाटी, पेटीत हिरवा दिवा. नळकांडं त्यांनी उपटून गाडीत टाकलं. माप, बाटली आणि रजिस्टर ताब्यात घेतलं.

"हे आपोआप मोजतं काका. तिकडे ऑफिसात आकडा दिसतो," त्यातला एक म्हणाला. "किल्ली द्या."

मिलीमीटर कमरेची गाठ सोडायला लागला. तेवीस वर्षांची ती गाठ घामाने दगड झाली होती. ती नखांनी उकलेना आणि ते दोघं उन्हात ताटकळत होते. शेवटी दुसऱ्याने खिशातून पातं काढलं, त्याचा सदरा वर केला आणि सुतळी कापली. मिलीमीटर सदरा धरून उभा राहिला. धन्यवाद काका, म्हणून ते गेले.

घरी बायको आणि सून होत्या. मुलगा ट्रकवर, महिन्या दोन महिन्यांनी उगवणारा. सून शिवणयंत्रावर पिशव्या शिवायची. मिलीमीटर आणि त्याची बायको बांधावरचं, ओढ्याकाठचं गवत कापून गोठेवाल्याला भारे घालत. ते काम पूर्वीही होतंच, पण पाऊस मोजून आल्यानंतरचं होतं. आता दिवसभर तेच राहिलं. त्याला साठ उलटली होती, बायकोच्या मानेत भारा उचलून उचलून कायमची कळ बसली होती, आणि उन्हाळ्यात गवत रोज लांब लांब पळत होतं.

महिनाभराने पत्र आलं. सुनेने यंत्र थांबवून वाचलं. मानधनावर काम केलेल्या माणसांना सरकार निवृत्तिवेतन देणार होतं. सलग दहा वर्षं, दर वर्षी किमान दोनशे चाळीस दिवस काम केल्याचा कार्यालयीन अभिलेखातला पुरावा जोडायचा. मुदत दीड महिन्याची.

मिलीमीटर हसला. किती दिवसांनी हसला.

"दोनशे चाळीसच? मी तीनशे पासष्ट दिवस जात होतो. लीप वर्षात एक दिवस जास्तीचा."

बायकोने विळ्याची धार बोटाने तपासत विचारलं, "म्हणजे भारा सुटेल का हो?"

"सुटेल म्हणजे काय, सुटलाच."

तिने मान हळूच एका बाजूला वाकवून पाहिली, जणू आतापासूनच हलकी झाली होती.

पुरावा म्हणजे हजेरीपट. पण त्याच्यासाठी हजेरीपट कधी नव्हताच. त्याचं मानधन 'किरकोळ खर्च' या सदरात निघायचं, झाडू, शाई आणि फिनेलच्या रांगेत. त्याच्या पावत्या दर वर्षाअखेर नियमाप्रमाणे नष्ट केल्या जात होत्या. नष्ट केलेल्या कागदांची यादी मात्र जपून ठेवलेली होती, तीवर तीन सह्या होत्या, आणि मागितल्याबरोबर तिची प्रत मिळाली.

"रजिस्टर आहे ना," सून म्हणाली. "पावसाचं. त्यात रोजची तारीख, तुमची सही. तेच मागू. सरकारी कागद आहे, मागितला की द्यावा लागतो."

मिलीमीटरला हे इतकं पटलं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचीच त्याला लाज वाटली. रजिस्टर म्हणजे त्याचा जीव. तेवीस वर्षांत एक खाडाखोड नाही. तपासणीला आलेल्या साहेबाने एकदा लाल शाईत शेरा मारला होता, 'नोंदी स्वच्छ.' तो शेरा त्याने बायकोला कुंपणापाशी नेऊन दाखवला होता, आणि तिला वाचता येत नसल्यामुळे दोनदा वाचून दाखवला होता.

सुनेने अर्ज लिहिला. तो शेजारी बसून सांगत होता, "लिही, मी ऊनपाऊस, तापबीप काही न बघता रोज..."

"अर्जात गोष्ट सांगायची नसते बाबा. काय हवं ते मागायचं, बस."

कचेरी बसने दीड तासावर होती. ते दोघं गेले की बायको एकटीच गवताला जायची आणि दोन भाऱ्यांचा एक भारा व्हायचा. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज हातात न घेताच वाचला.

"रजिस्टरचा क्रमांक?"

"तो कसा माहीत असणार साहेब? रजिस्टर तुमच्याकडे आहे."

"क्रमांक नसेल तर शोधायचं कसं?"

"क्रमांक कुठे मिळेल?" सुनेने विचारलं.

"रजिस्टरवर असतो," कारकून म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. खिडकीपुढच्या रांगेत आणखी अकरा माणसं होती आणि पंखा बंद होता.

सुनेने क्रमांकाच्या जागी 'माहीत नाही' लिहिलं आणि अर्ज आत सरकवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, सदर विषय या शाखेचा नाही, अर्ज पाणीपुरवठ्याकडे वर्ग करण्यात आला आहे. पाणीपुरवठ्याची कचेरी दुसऱ्या रस्त्याला होती. तिथे म्हणाले, आमचं पाणी नळापासून सुरू होतं, पाऊस शेतीकडे. शेतीवाले म्हणाले, आम्हाला फक्त बेरीज कळवतात, मूळ रजिस्टर तुम्ही आधी गेलात त्या मोठ्या कचेरीतच. शेतीच्या कचेरीतल्या शिपायाला मिलीमीटरची दया आली असावी. तो जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "काका, पाऊस आभाळात असतो तेव्हा तो कोणत्या शाखेकडे असतो हो?" मिलीमीटरने यावर खरोखर विचार केला. मग शिपाई हसल्यावर तोही हसला.

मधल्या दिवसांत ओढ्याकाठचं गवत संपलं. मिलीमीटर आणि त्याची बायको टेकडीमागे जाऊ लागले. जाताना उतार होता, येताना भाऱ्यासकट चढ. अर्ध्या चढावर ती थांबायची, पण भारा उतरवायची नाही, कारण उतरवला तर परत उचलून द्यायला दुसऱ्याचे हात मोकळे लागतात आणि त्याचेही डोक्यावर अडकलेले. दोघं तशीच समोरासमोर उभी राहत, डोक्यावर भारे. घाम त्यांच्या हनुवट्यांवरून गळून धुळीत पडे. एकदा ती म्हणाली, "पगार सुरू झाला की आधी मी आठ दिवस नुसती झोपणार आहे." दुसरं काही तिने मागितलं नाही.

मुदतीला आठवडा उरला असताना सून पुन्हा मोठ्या कचेरीच्या खिडकीवर गेली आणि हलेचना. मागची रांग कुरकुरली, कारकून ओरडला, तरी ती खिडकीच्या कठड्याला हात धरून उभी. शेवटी आतून साहेबाने चिठ्ठी दिली की अर्जदाराने अभिलेख कक्षात समक्ष येऊन पाहणी करावी. म्हणजे तुम्हीच शोधा.

अभिलेख कक्ष तळघरात होता. भिंतींना ओल, लोखंडी मांडण्या, त्यांवर कापडात बांधलेली दप्तरं छतापर्यंत. नाकावर रुमाल बांधलेला एक पोक्त माणूस तिथे एकटा बसे. त्याला सतत शिंका येत. त्याने अर्ज पाहिला, दिवा लावला आणि म्हणाला, "पावसाचं? असलं काही इथे आहे असं मला वाटत नाही. पण बघू."

दोन तास बघितलं. जन्म, मृत्यू, गुरांचा दवाखाना, रस्त्याचे दिवे. सुनेचे हात कोपरापर्यंत काळे झाले. मिलीमीटर गुडघ्यांमुळे खालच्याच मांडण्या बघत होता, जवळजवळ रांगतच. आणि एका कोपऱ्यात, फिनेलच्या रिकाम्या डब्यांमागे, त्याला निळ्यावरचे पांढरे ठिपके दिसले.

"आपली चादर," तो म्हणाला.

बायकोने जुन्या चादरीचं कापड प्रत्येक रजिस्टरला शिवून दिलं होतं, ओल लागू नये म्हणून. चारही रजिस्टरं एकावर एक होती. त्याने ती छातीशी धरली आणि उठता येईना, तेव्हा सुनेने काखेत हात घालून उठवलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दोघंही धुळीला नावं ठेवत होती.

टेबलावर त्याने पहिलं रजिस्टर उघडलं. शाई फिकी झाली होती, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. एका पानावर त्याची सही वेडीवाकडी होती. "हा माझा ताप," तो सुनेला सांगू लागला. "उठवत नव्हतं. तुझी सासू भर पावसात माळावर गेली, बाटली काढली, दुसरा थेंब पडू नये म्हणून पोटाशी धरून घरी आणली. मी अंथरुणावरून मोजलं. एकोणसत्तर." सुनेने त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

रेकॉर्डवाल्याने रुमाल खाली केला, चष्मा चढवला आणि पानं मोजायला घेतली. माणूस चांगला होता, कामात पक्का होता. सुरुवातीला त्याचं बोट भराभर खाली सरकत होतं. मग हळू झालं. मग तो मागे गेला आणि पुन्हा मोजू लागला.

"काका, इथे चौदा तारखेनंतर एकदम बावीस आहे."

"हो. मध्ये पाऊस नव्हता."

"तुम्ही गेला होतात का मध्ये?"

"गेलो होतो की. रोज जायचो."

"मग लिहिलं का नाही?"

"बाटलीत काही नव्हतंच साहेब. काय लिहू?"

रेकॉर्डवाल्याने बोट बावीसवरून मागे चौदावर नेलं. "शून्य," तो म्हणाला. "शून्य लिहायचं असतं काका."

मिलीमीटरला आधी नीटसं कळलं नाही. किल्ली देणाऱ्या साहेबाने सांगितलं होतं, पाऊस पडला की लिहायचा, आणि रजिस्टर जपून वापरायचं. सोळा पानी रजिस्टर, वर्षाला एक असा हिशेब होता. त्याने एकेक रजिस्टर सात-साडेसात वर्षं पुरवलं होतं. तेवीस वर्षांत तीन संपली, चौथ्याचं दुसरंच पान सुरू होतं. सरकारची एवढी बचत कोणी केली नसेल असं तो मनातल्या मनात मानत आला होता. कधी कोणी काही म्हणालं नव्हतं. महिन्याची बेरीज तेवढी विचारत, आणि बेरजेत शून्याने काही फरक पडत नाही.

"किती भरतात?" सुनेने विचारलं.

रेकॉर्डवाल्याने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले होते. "सगळे मिळून अकराशे चौऱ्याऐंशी. वर्षाला एक्कावन्नच्या आसपास. हे एक वर्ष बघा, एकोणीसच."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. त्या वर्षी तो दिवसातून दोनदा जायचा, सकाळी मोजायला आणि संध्याकाळी नुसताच, लोकांनी पाठवलं म्हणून. टपरीवर माणसं उभी राहून वाट बघत. त्याने 'कोरडं' म्हटलं की माणसं पांगत.

"अख्खं गाव साक्ष देईल," सून म्हणाली. "रोज ओरडून सांगायचे ते."

"अभिलेखातला पुरावा मागितलाय ताई. गाव अभिलेखात येत नाही." तो शिंकला, रुमालाने नाक पुसलं. मग उठला. खिशातलं पेन काढून त्याने टेबलावर ठेवलं, निळ्या शाईचं.

"मी चहा घेऊन येतो. पंधरावीस मिनिटं लागतील. तुम्ही पाहणी करा."

त्याने दार लोटून घेतलं. जिन्यावर त्याची पावलं वाजत गेली.

सुनेने पेनाचं टोपण काढलं. "बाबा, हे खोटं नाहीये. तुम्ही गेला होतात."

"गेलो होतो."

"मग सांगा, मी लिहिते. चौदानंतर पंधरा, शून्य."

मिलीमीटरने रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. तोपर्यंतच्या आयुष्यात त्याने सरकारी कागदावर एक ठिपका वावगा टाकला नव्हता, पण चढावर भारा घेऊन उभी असलेली बायको त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याने मान हलवली. सुनेने पेन टेकवायला हात खाली नेला आणि तसाच धरून राहिली.

चौदा तारखेच्या ओळीखाली लगेच बावीसची ओळ होती. बावीसखाली तेवीस, तेवीसखाली पुढचा महिना. एक ओळ त्याने मोकळी सोडली नव्हती. समास नव्हता, कारण समासातही त्याने वेळ लिहून जागा वाचवली होती. तिने पान उलटलं, मग पुढचं, मग दुसरं रजिस्टर. सगळीकडे ओळीला ओळ लागलेली, स्वच्छ, खाडाखोड नसलेली. मधले सात दिवस घुसवायला मुंगीएवढी जागा नव्हती. कोरी जागा काय ती चौथ्या रजिस्टरात होती, शेवटच्या नोंदीखाली.

"कुठे लिहू?" ती म्हणाली.

तिने टोपण लावलं आणि पेन होतं तिथे ठेवलं. रेकॉर्डवाला परतला तेव्हा त्याने पेनाकडे पाहिलं, रजिस्टराकडे पाहिलं, आणि काही न विचारता ते खिशाला लावलं. "दाखल्याला चार दिवस लागतील," तो म्हणाला.

घरी पोचले तेव्हा बायको दारात बसून विळा दगडावर घासत होती. दोघांचे चेहरे बघून तिने घासणं थांबवलं नाही. मिलीमीटरने सगळं सांगितलं. चादरीचं सांगितलं, तापाचं पान सापडलं ते सांगितलं, मग शून्याचं. शून्यापाशी तिचा विळा दगडावर थांबला.

"म्हणजे पाऊस पडला नाही तर तुम्ही गेला नाहीत?"

"कागदावर तसंच आहे."

"आणि मी रोज सकाळी चहा कोणाला दिला मग? आठला?"

ती उठली, विळ्याची धार अंगठ्यावर बघितली. "शून्य म्हणजे काय, नुसतं गोल काढायचं ना?" तिने विचारलं. "ते तर मलाही आलं असतं हो. सांगायचंत तरी." एवढं बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

चौथ्या दिवशी तो एकटाच कचेरीत गेला. सुनेला पिशव्या द्यायच्या होत्या. दाखला तयार होता, गोल शिक्क्यासह. 'उपलब्ध अभिलेखानुसार सदर व्यक्तीने तेवीस वर्षांत एकूण अकराशे चौऱ्याऐंशी दिवस काम केल्याचे आढळून येते. सबब, निकष पूर्ण होत नाहीत.' खाली सही, तारीख. त्याने दोनदा वाचला, चौघडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मागितलेली माहिती त्याला मिळाली होती, अगदी मुदतीत.

खिडकीवरच्या कारकुनाने पोच घ्यायला रजिस्टर पुढे केलं. मिलीमीटरने तारीख लिहिली, नाव लिहिलं, खरं नाव, आणि सही केली. अक्षर अजून स्वच्छ होतं. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता.

"तो मोकळा सोडा," कारकून म्हणाला. "काही लिहायचं नाही त्यात."

मिलीमीटर पेन धरून थांबला. नीट दिसावं म्हणून तो वाकला, खिडकीच्या कठड्याशी डोळा आणला, आणि त्या रकान्यात त्याने एक गोल काढला. सावकाश, टोकाला टोक जुळवून.

"अहो, हे काय? सांगितलं ना मोकळा सोडा."

"मोकळा सोडला तर मी आलोच नव्हतो असं होतं साहेब," तो म्हणाला.

कारकुनाने रजिस्टर ओढून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर ऊन कडक होतं. मिलीमीटर बसच्या थांब्याकडे भराभर चालू लागला, कारण दुपारची बस चुकली असती तर टेकडीमागचं गवत बायकोने एकटीनेच आणलं असतं.